मुख्य चालक

काउंटर चिकट होता. कागद ठेवताना मी त्यावर मनगट टेकवलं, आणि उचलायला गेले तर ते ओढून सोडवावं लागलं. कुणीतरी कधीतरी तिथे काहीतरी गोड सांडलं होतं आणि कुणीतरी ते पुसल्यासारखं केलं होतं. पलीकडे बसलेला माणूस पेपरमिंटची गोळी या गालातून त्या गालात ढकलत होता. त्याच्या मागे भिंतीवर एक हसरं कुटुंब उघड्या गाडीतून समुद्राकडे निघालं होतं.

या माणसापर्यंत पोचायला आम्हाला पन्नास मिनिटं लागली होती. गाडी भाड्याने देणाऱ्या त्या कंपनीच्या दोनच खिडक्या उघड्या होत्या. त्यातली एक खास सदस्यांसाठी, म्हणजे रिकामी. तिथली मुलगी स्वतःची नखं बघत बसली होती.

"तिला विचार की. ती मोकळीच आहे," आत्या मागून म्हणाली होती.

"ती खास लोकांसाठी आहे."

"आणि आपण कोण? वाळीत टाकलेले?"

आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. वय चौऱ्याहत्तर. आयुष्यात पहिल्यांदा विमानात बसली, खिडकीशी जागा मिळाली, आणि अकरा तासांत तिने एकदाही बाहेर पाहिलं नाही. मांडीवर हँडबॅग ठेवून, तिच्या बंदावर दोन्ही हात ठेवून बसून राहिली. आताही तशीच उभी होती.

बाबा चार दिवसांपूर्वी गेले. दोन वर्षांपासून ते माझ्या धाकट्या भावाकडे राहत होते, या विमानतळापासून तीन तासांवरच्या एका लहान गावात. सकाळी फिरायला जायला म्हणून बूट घालायला वाकले, ते उठलेच नाहीत. परक्या देशातली कागदपत्रं, चार दिवस त्यातच गेले. दहनासाठी वेळ मिळाली ती आजची, दुपारी साडेतीनची. भावाने फोनवर मला तीनतीनदा बजावलं होतं: साडेतीनपर्यंत पेटी उघडी असेल, तोवर चेहरा बघता येईल. साडेतीनला झाकण लावून आत नेतात. चार वाजता पुढचं कुटुंब येतं. "ताई, इथे कुणी कुणासाठी थांबत नाही गं."

आमचं विमान साडेनऊला उतरलं होतं. आता सव्वाअकरा झाले होते.

माझं तिकीट मात्र बाबा गेल्यावर काढलेलं नव्हतं. ते दोन महिन्यांपूर्वीचं होतं. दोनदा पुढे ढकलून शेवटी मी आजच्या तारखेला त्यांना भेटायला येणार होते, आणि बाबांनी गाडीही स्वतःच बुक करून ठेवली होती. पहाटेच्या बसने ते इथे येणार, दारात उभे राहणार, गाडी ताब्यात घेणार आणि स्वतः चालवत मला घरी नेणार. "तू नुसती शेजारी बसून बडबड कर," असं म्हणाले होते. थकलो तर असावी म्हणून दुसरी चालक म्हणून माझं नाव घातलं होतं आणि मला आंतरराष्ट्रीय परवाना काढायला लावला होता. तारीख तीच राहिली. फक्त आत्याचं तिकीट नवीन काढलं.

दुसरा काही मार्गही नव्हता. गावाकडे जाणारी एकुलती बस सकाळी आठलाच सुटते. टॅक्सीवाल्यांना विचारून झालं होतं, शहराच्या हद्दीबाहेर जात नाही म्हणाले. जोडून सुट्ट्या आल्यामुळे बाकीच्या कंपन्यांनी गाड्या शिल्लक नसल्याच्या पाट्या लावल्या होत्या. आणि भाऊ गाडी चालवत नाही. चौतीस वर्षं विमा कंपनीसाठी अपघातातल्या गाड्या तपासल्या आणि आपल्या पोटी सायकलवाला जन्मला, असं बाबा येईल-जाईल त्याला सांगायचे.

"मुख्य चालक कुठे आहेत?" पेपरमिंटवाल्याने विचारलं.

"मी घेणार आहे गाडी. हा माझा परवाना."

"तुम्ही दुसऱ्या चालक आहात, मॅडम. बुकिंग मुख्य चालकांच्या नावावर आहे. त्यांना समोर यावं लागेल. परवाना आणि कार्डही त्यांचंच लागेल."

"ते माझे वडील. ते वारले."

गोळी थांबली. "ऐकून फार वाईट वाटलं," तो म्हणाला. पाण्याची बाटली संपली आहे हे तो याच आवाजात सांगत असणार. मग त्याने स्क्रीनकडे पाहिलं. "म्हणजे ते आज येणार नाहीत?"

आत्याला त्याची भाषा येत नव्हती. तिने माझा दंड हलवला. "काय म्हणतोय?"

"बाबा येणार आहेत का, विचारतोय."

आत्याने त्याच्याकडे नीट पाहून घेतलं. बाजारात नासकं फळ हातात आल्यावर ती बघते तसं. "त्याला म्हणावं, तो येणार असता तर मी कशाला आले असते इथे तडफडत?"

हे मी त्याला सांगितलं नाही. मी सांगितलं की मला साडेतीनच्या आत तीन तासांवरच्या गावी पोचायचं आहे. का, तेही सांगितलं. त्याने मान डोलावली. मुख्य चालक बदलता येतो, म्हणाला, पण त्यासाठी मृत्यूचा दाखला लागेल.

"दाखला माझ्या भावाकडे आहे. त्याच गावात. तो आणायला मला गाडी लागेल."

"बरोबर," तो म्हणाला. त्याला यात काही विचित्र वाटलं नाही.

मी भावाला फोन केला. त्याने दोन मिनिटांत दाखल्याचा फोटो पाठवला. पेपरमिंटवाल्याने माझ्या फोनवर बोट न लावता, वाकून, डोळे बारीक करून तो वाचला. बाबांचं नाव, जन्मतारीख, कारण. कारणापाशी तो थोडा जास्त थांबला असं मला वाटलं. "मूळ प्रत लागते," असं म्हणून तो उठला आणि मागच्या दारातून आत गेला.

तो चौदा मिनिटं आत होता. दार दोनदा उघडलं, आतून कुणाच्या तरी हसण्याचा आवाज आला आणि तळणीच्या शिळ्या तेलाचा वास. काउंटरवर त्याचा कप होता, त्याच्या काठाला वाळलेल्या कॉफीचं तपकिरी कडं. त्यात त्याने आधीच्या गोळ्यांचे कागद कोंबले होते. मला बघायचं नव्हतं, पण नजर तिथेच जात होती.

"आत मेला की काय?" आत्या म्हणाली, आणि लगेच जीभ चावली.

शेवटी तो एका वरिष्ठ बाईंना घेऊन आला. बाई चुणचुणीत होत्या, त्यांनी माझा हातही हातात घेतला. त्यांचा हात दमट होता. यातून वाट काढता येईल, म्हणाल्या. जुनं बुकिंग रद्द करायचं आणि तीच गाडी माझ्या नावावर नव्याने द्यायची. फक्त रद्द करताना सिस्टिमला कारण द्यावं लागतं, आणि यादीत तीनच कारणं आहेत. परवाना अवैध. कार्ड नामंजूर. ग्राहक आला नाही.

"तुम्हाला कुठलं चालेल?" त्यांनी विचारलं.

मी कागदावर सही केली. मुख्य चालक ठरलेल्या वेळी हजर न राहिल्यामुळे आरक्षण रद्द करण्यात येत असून याबाबत माझी तक्रार नाही. बाबा आयुष्यात कुठेही वेळेवर गेले नाहीत, नेहमी तासभर आधी गेले. शाळेच्या बक्षीस समारंभाला आम्ही इतके लवकर पोचायचो की शिपाई आमच्याकडून खुर्च्या लावून घ्यायचा.

सहीची शाई वाळते न वाळते तोच भावाचा फोन आला. "ताई, बाबांच्या फोनवर आत्ता मेसेज आलाय. ‘आम्ही आपली वाट पाहिली, आपण आला नाहीत. आपल्याला मुकल्याचं वाईट वाटतं.’ हे काय आहे?"

"काही नाही. गाडीचं आहे."

"मी घाबरलो गं. फोन खिशात होता माझ्या. एकदम थरथरला."

"बंद करून ठेव तो," मी म्हटलं.

बारा वाजायला दहा मिनिटं होती. वरिष्ठ बाई गेल्या. पेपरमिंटवाल्याने नवीन गोळी तोंडात टाकली आणि प्लॅस्टिकच्या आवरणातलं विम्याचं एक कार्ड माझ्यापुढे सरकवलं. त्यावर तीन गाड्यांची चित्रं होती. पहिली रडकी, दुसरी गप्प, तिसरी हसरी. तिसरीखाली लिहिलं होतं: पूर्ण संरक्षण, मनःशांतीसाठी.

"मी हेच सुचवेन," तो म्हणाला. "हे घेतलंत तर किल्ली घ्यायची आणि निघायचं. आधीचे ओरखडे, पोचे, काही बघायला नको. नाही घेतलंत तर गाडीवरची प्रत्येक खूण तुम्ही स्वतः बघून कागदावर नोंदवायची. जी नोंदवली नाही ती तुमच्याकडून झाली असं धरलं जाईल."

आत्याला मी अर्थ सांगितला.

"मग घे की," ती म्हणाली. "वेळ कुठाय आपल्याकडे? पैसे मी देते."

"पैशाचा प्रश्न नाही, आत्या."

"मग कशाचा आहे?"

तो बाबांचा होता. या पूर्ण संरक्षणाला ते ‘आंधळ्यांची वर्गणी’ म्हणायचे. त्यांचं सगळं आयुष्य पत्र्याकडे बघण्यात गेलं. माणसाला विचारू नकोस, पत्र्याला विचार, हे वाक्य आम्ही भावंडांनी पाढ्यांच्या आधी पाठ केलं होतं. फ्रिज विकत घेताना ते दुकानदाराला तो भिंतीपासून पुढे ओढायला लावायचे. माझ्या लग्नात फुलांनी सजवलेली गाडी दारात आली तेव्हा ते तिच्याभोवती एक फेरी मारून आले, मागच्या दाराचा जुना पोचा ड्रायव्हरला दाखवला, त्याच्याकडून तसं चिठ्ठीवर लिहून घेतलं आणि मगच मला आत बसू दिलं. सासरची मंडळी हसत होती. मी लाजून मरत होते.

"नको," मी पेपरमिंटवाल्याला म्हटलं. "मी स्वतः बघून घेईन."

त्याने खांदे उडवले आणि हसऱ्या गाडीवर बोट ठेवून पुन्हा विचारलं. नक्की? मी नक्की म्हटलं. त्या सकाळी मला पहिल्यांदाच जरा बरं वाटलं. इतक्या लोकांसमोर तासभर वाकून उभी होते, आता ताठ झाले असं वाटलं. हे लिहून ठेवते, कारण पुढे जे झालं ते इथून झालं.

गाड्या इमारतीपासून लांब, एका कुंपण घातलेल्या मैदानात होत्या. तिथे नेणारी छोटी बस आली, तिच्यात बसायच्या जागेवर कुणाचं तरी च्युइंगगम होतं. आत्याने त्यावर वर्तमानपत्र टाकलं आणि बसली नाही, उभीच राहिली. मैदानात पिवळ्या जॅकेटवाल्या एका माणसाने आम्हाला गाडीपर्यंत नेलं, किल्ली दिली आणि कागद दिला. कागदावर गाडीची चार बाजूंनी काढलेली रेखाकृती होती. जिथे खूण असेल तिथे फुली मारायची. एकही फुली नव्हती.

"गाडी अगदी स्वच्छ आहे," तो म्हणाला आणि सिगरेट पेटवायला कुंपणाकडे गेला.

दार उघडलं तर आतून आंबलेल्या दुधाचा वास आला, आणि त्याच्यावर फवारलेल्या कसल्याशा खोट्या फुलांचा. मागच्या सीटवर कुत्र्याचे केस. हँडब्रेकशेजारच्या खाचेत कापलेली नखं होती. खरंच, माणसाची नखं. मी कागदी रुमालाने ती उचलली आणि बाहेर झटकली. आत्या नाकाला पदर लावून पुढच्या सीटवर बसली, पाय जमिनीला न टेकवता.

"लोक आहेत का जनावरं," ती म्हणाली. "चल, निघ. काच उघडी ठेव."

बारा वाजून एकोणतीस मिनिटं झाली होती. वाट तीन तासांची, सुट्टीच्या दिवशी जरा कमी लागेल असं भाऊ म्हणाला होता.

"दोन मिनिटं," मी म्हटलं.

माझ्या पर्समध्ये बाबांचं पिवळं फडकं होतं. फलाटीनचं, मऊ, धुऊन धुऊन पातळ झालेलं. ते माझ्या घरी विसरून गेले होते आणि येताना आठवणीने आण म्हणून त्यांनी दोनदा फोन केला होता, इथे असलं कापड मिळत नाही म्हणून. मी ते बाहेर काढलं. पुढच्या डाव्या चाकापासून सुरुवात केली, तिथूनच करायची असते. फडकं तळहाताखाली घ्यायचं आणि पत्र्यावरून सावकाश सरकवायचं. डोळ्याला दिसत नाही ते हाताला लागतं. मग खाली उकिडवं बसायचं आणि पत्र्यावर पडलेला उजेड तिरपा बघायचा. उजेड जिथे वाकडा होतो तिथे काहीतरी झालेलं असतं.

पहिल्याच दारावर पोचा होता. बोटाच्या पेराएवढा. मी फुली मारली. त्याच्या खाली किल्लीने ओढलेला चरा. दुसरी फुली. मागचं चाक कशावर तरी घासलेलं. बंपरचा कोपरा तडकून रंगवलेला, रंग जरा वेगळा. स्वच्छ गाडी म्हणे.

"अगं," आतून आत्या.

"झालंच."

डिकीच्या झाकणावर तीन खुणा. मी झाकण उघडून आतली कडही बघितली. बाबा बघायचे. स्टेपनी बघितली. पुढच्या काचेला, वायपरच्या मागे लपलेला, तांदळाच्या दाण्याएवढा तडा होता. तो सापडला तेव्हा मला इतका आनंद झाला की मी जवळजवळ हाक मारली असती. बघा, असं म्हणून. प्रत्येक खुणेचा फोटो काढला, एक जवळून, एक लांबून, म्हणजे जागा कळते. फडकं काळं झालं, मी घडी उलटली.

त्या वेळात बाबा गेलेले नव्हते. याहून नेमकं मला ते सांगता येत नाही.

हॉर्न वाजला. आत्याने ड्रायव्हरच्या सीटवर वाकून, आयुष्यात पहिल्यांदा, दोन्ही हातांनी तो दाबला होता आणि हात काढायला विसरली होती. कुंपणापाशी पिवळ्या जॅकेटवाला दचकला.

"अगं बाई, तू गाडी विकत घेतेयस का?"

मी एकोणीस फुल्या मारल्या होत्या. पिवळ्या जॅकेटवाल्याला बोलावून कागदावर त्याची सही घेतली. न वाचता, कागद माझ्या पाठीवर टेकवून, त्याने ती केली. मी स्टिअरिंग हातात घेतलं तेव्हा बारा बावन्न झाले होते. तेवीस मिनिटं.

मोठ्या रस्त्याला लागलो. काचा उघड्या असूनही तो वास जात नव्हता, कपड्यांना चिकटून बसला होता. बाबांसमोर हा वास घेऊन उभं राहायचं, असं मला एकदा वाटून गेलं. आत्या रस्त्याकडे न बघता गाडीतल्या घड्याळाकडे बघत होती. एकदाच म्हणाली, "त्याला चष्मा लावून ठेवला असेल का गं? चष्म्याशिवाय तो वेगळाच दिसतो."

"सांगितलंय मी."

"बाळ्या लहानपणी झोपेतही चष्मा काढू द्यायचा नाही."

एकाहत्तर वर्षांच्या माणसाला बाळ्या म्हणणारं जगात आता तीच एक होती.

एका ठिकाणी रस्ता खणलेला होता आणि एकाआड एक गाड्या सोडत होते. तिथे चार मिनिटं गेली. मी चालवू शकत होते तेवढी जोरात चालवली. पावणेचारला दोन मिनिटं होऊन गेली तेव्हा आम्ही त्या बुटक्या विटकरी इमारतीच्या आवारात शिरलो. भाऊ पायऱ्यांवर उभा होता. त्याच्या अंगात बाबांचा स्वेटर होता, बाह्या दुमडलेल्या. त्याच्या उभं राहण्यावरूनच मला कळलं.

"पाच मिनिटं जास्त दिली त्यांनी," तो म्हणाला. "मी अजून मागितली. पाया पडायचा बाकी राहिलो ताई."

"नेलं?"

"पस्तीसला."

म्हणजे बारा मिनिटांपूर्वी. मी गणित केलं. करायचं नव्हतं, झालं. मैदानातून किल्ली घेऊन तसेच निघालो असतो तर तीन चोवीसला इथे असतो. अकरा मिनिटं मिळाली असती. अकरा मिनिटांत आत्याने बाबांचा चेहरा हातात घेतला असता, त्यांना रागावली असती, कपाळावरून हात फिरवला असता, आणि तरी वेळ उरला असता.

आत्या गाडीतून उतरली नव्हती. भाऊ तिच्या दाराशी जाऊन गुडघ्यांवर बसला. तिने त्याचा कान धरला, लहानपणी धरायची तसा, पण ओढला नाही, नुसता धरून ठेवला.

"कसा दिसत होता?"

"चांगले दिसत होते. दाढी केली होती त्यांनी. भांग उलट्या बाजूला पाडला होता, तो मी नीट केला."

"चष्मा?"

"होता. झाकण लावताना काढून दिला." त्याने खिशातून चष्मा काढला. आत्याने तो घेतला, पदराने पुसला आणि हँडबॅगेत ठेवला.

आत रिकाम्या खुर्च्यांच्या रांगा होत्या आणि पुढे एक बंद पडदा. आम्ही थोडा वेळ त्या पडद्याकडे बघत बसलो. मग एक माणूस येऊन अदबीने म्हणाला की चारच्या लोकांसाठी खुर्च्या लावायच्या आहेत. आम्ही बाहेर आलो.

पुढचे चार दिवस ती गाडी भावाच्या दारात उभी होती. मी तिच्याकडे बघत नव्हते. जाता-येता तिला वळसा घालून जायची. काउंटरवरच्या त्या माणसाची, त्याच्या गोळ्यांची, त्या दमट हाताच्या बाईंची मला शिसारी होती, आणि ती शिसारी मी जपून ठेवली होती, कारण ती संपली की माझाच नंबर होता. रात्री डोळे मिटले की फडक्याखालून पत्रा सरकायचा. किती सावकाश सरकायचा. किती छान वाटत होतं मला.

आत्याने एका शब्दाने विचारलं नाही. भावाला फक्त एवढंच सांगितलं की काउंटरवर फार वेळ गेला, माणसं हरामखोर होती. ते खरंही होतं.

पाचव्या दिवशी परतताना आम्ही गाडी त्याच मैदानात नेऊन उभी केली. तोच पिवळ्या जॅकेटवाला होता. मी कागद आणि फोटो तयार ठेवले होते. एकोणीस जुन्या खुणा, नवीन एकही नाही, हे मी त्याला एकेक करून दाखवणार होते. मधल्या काळात मी एवढीच एक तयारी केली होती.

त्याने किल्लीसाठी हात पुढे केला.

"गाडी बघून घ्या," मी म्हटलं.

"गरज नाही, मॅडम."

"यावर तुमची सही आहे. एकोणीस खुणा आहेत."

त्याने कागदाकडे एक नजर टाकली, अनोळखी पत्त्यावर आलेल्या पत्राकडे टाकावी तशी. "हां, ते. ते कुणी बघत नाही," तो म्हणाला. किल्ली त्याने एका प्लॅस्टिकच्या बादलीत टाकली, बाकीच्या पंधरा-वीस किल्ल्यांवर. मग बाही तोंडावरून पुसली आणि दुसऱ्या गाडीकडे गेला. आमच्या गाडीभोवती त्याने अर्धी फेरीसुद्धा मारली नाही.

मी कागद हातात घेऊन उभी राहिले. बस यायला वेळ होता. मैदानात सगळीकडे गाड्या होत्या, स्वच्छ म्हणून दिलेल्या, आतून वास मारणाऱ्या. त्यातल्या एकीच्या टपावर पक्ष्यांनी घाण केली होती आणि ती उन्हात वाळत होती.

"काय म्हणाला?" आत्याने विचारलं.

"कुणी बघत नाही म्हणाला."

आत्याने कागद माझ्या हातातून घेतला. चष्मा चढवला, स्वतःचा, आणि गाडीची ती चारही बाजूंनी काढलेली चित्रं, त्यावरच्या माझ्या फुल्या, एक एक करून बघितल्या. काचेवरच्या फुलीशी थांबली. "इथे काय होतं?"

"बारीक तडा. वायपरच्या मागे."

"तो सापडला तुला?"

"हो."

तिने त्या फुलीवर बोट ठेवलं. मग कागदाची घडी घातली, आणि माझ्याकडे न बघता, बस येणार त्या बाजूला बघत विचारलं, "किती वेळ लागला होता गं तुला हे सगळं बघायला?"

मला तिच्याशी खोटं बोलता आलं असतं. तिने त्या दिवशी घड्याळाकडे पाहिलं होतं की नाही, मला माहीत नव्हतं.

"तेवीस मिनिटं," मी म्हटलं.

आत्याने मान हलवली. हँडबॅग उघडून कागद आत ठेवला, बाबांच्या चष्म्याशेजारी, आणि खटका लावला.

"बाळ्याला चाळीस लागली असती," ती म्हणाली.